आठे

तो जर्सी उलटी घालायचा. शिवण बाहेर, नंबर आत. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, नंबर पाठीला चिकटतो, उकडतं. धुळ्याच्या उन्हात हे कारण खोटं आहे असं कोणाला म्हणता आलं नाही. पंच ओरडले की मैदानाच्या मधोमध उभा राहून अंगातून काढायचा, सुलटी करायचा, आणि हाफ टाइमनंतर पुन्हा उलटी. आत लपलेला तो नंबर दहा होता. माझ्या शाळेत दहा नंबर माझा होता.

हे शेवटचं वाक्य आधीच लिहून टाकलेलं बरं. पुढे त्याच्याबद्दल मी जे काही चांगलं लिहीन, ते हे वाक्य मनात ठेवूनच वाचावं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यालाही कधी कोणाचं नाव आठवलं नाही. सगळ्यांना तो 'भो', म्हणजे भाऊ, म्हणायचा. एकदा प्राचार्यांनाही म्हणाला. ते आधी चिडले आणि मग हसले. त्याच्यावर सगळे आधी चिडायचे आणि मग हसायचे. मी तेवढा चिडलेलाच राहायचो.

मी मुक्ताईनगरकडचा. वडील केळीच्या गाड्या भरायला जातात. घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून धुळ्याला देवपुरात मामांकडे राहून शिकायचं ठरलं. आमच्या गावच्या शाळेत एका सरांनी फुटबॉल आणला होता आणि मी मध्यभागी खेळायचो, म्हणजे पुढच्यांना बॉल पुरवणारा. वडिलांना फुटबॉल कळत नाही, पण 'मध्ये' हा शब्द कळतो. ट्रक भरताना खालून आलेला घड घेऊन वर देणारा माणूस मध्ये उभा असतो. तो चुकला की घड आपटतो आणि माल काळा पडतो. तिथे कोणालाही उभं करत नाहीत. त्यामुळे वडील भेटेल त्याला सांगायचे, "आपला पोरगा मंधात खेयतो."

देवपुरात कॉलेजच्या पहिल्याच सरावाला सरांनी मला विचारलं, कुठे खेळतोस? मी म्हणालो, मध्ये. सरांनी मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या उलट्या जर्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि प्रेमाने म्हणाले, "तू उजवीकडून पळ. पाय चांगले आहेत तुझे." आणि मला आठ नंबर मिळाला. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. वडिलांनी फोनवर विचारलं की मी हो म्हणायचो. उजवीकडून पळताना कधीकधी मध्ये जावंच लागतं, असं मनाशी धरून.

आता त्याच्या खेळाबद्दल. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. तो पळायचा नाही. मैदानात तो चालायचा, बाजाराच्या दिवशी माणसं चालतात तसा, इकडेतिकडे बघत. बॉल पायाशी आला की फार वेळ ठेवायचा नाही. मोकळ्या जागेकडे मान कलवायचा, बॉल तिकडे सोडायचा आणि पाठ फिरवायचा. पुढे काय झालं ते बघायचा नाही. गोल झाला तर लोकांच्या ओरडण्यावरून त्याला कळायचं. मी त्या पाठीवर फार जळायचो. मी पास दिला की तो पोचेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा. त्याला मात्र बॉल पायातून सुटला तेव्हाच सगळं माहीत झालेलं असायचं.

तो सोनगीरचा. घरी तांब्यापितळेची भांडी ठोकायचं काम. रोज गावाहून यायचा-जायचा. बुटाची नाडी तुटली म्हणून त्याने एकदा तांब्याची बारीक तार ओवली आणि पुढे दोन्ही बुटांना तारच ठेवली. ऊन पडलं की त्याचे पाय चमकायचे. प्रेक्षकांतले लोक आधी पाय बघायचे, मग बॉल. मीही मामांच्या घरातल्या जुन्या मोटरीची तार काढून ओवून पाहिली. पहिल्या पाच मिनिटांत पायाचा वरचा भाग कापला. आमचा गोलकीपर, ज्याला आम्ही शेठ म्हणायचो कारण त्याच्या घरचं कापडाचं दुकान होतं, मला पट्टी बांधता बांधता म्हणाला, "अरे, तार त्याच्या खानदानात आहे. तू केळीचं सोपट बांध."

होस्टेलच्या पोरांनी एका रात्री मोबाइलवर परदेशातली मोठी मॅच लावली होती. सगळे ज्या खेळाडूंची नावं घेत होते त्यातलं एकही नाव त्याला माहीत नव्हतं. गावाकडची शेवटची बस चुकली म्हणून तोही तिथेच थांबला होता, मागे बसून शेंगा खात होता. मध्येच पुढे वाकला, पडद्याच्या एका कोपऱ्यावर, जिथे कोणीच नव्हतं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "आठे." सगळे ओरडले, बोट काढ, दिसत नाही. त्याने बोट काढलं आणि बॉल तिथेच आला. तो उठून झोपायला गेला. मॅच अर्ध्यापेक्षा जास्त बाकी होती.

हा शब्द मी तेव्हा ऐकला खरा, पण कानावर घेतला नाही. गलका चालू होता. नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण मैदानावर हा एकच शब्द तो ओरडायचा. बॉल सोडायच्या क्षणाला मोठ्याने, शेवट लांबवून, "आठेऽ!" आणि माझ्या पाठीवर आठ होता. मला वाटायचं तो मला हाक मारतोय, आठ, ए! ज्याला कोणाचं नाव आठवत नाही, प्राचार्यांचं नाही, सरांचं नाही, त्याला माझा नंबर आठवतो. मी हे कोणाला बोललो नाही. पण हाक आली की मी जीव खाऊन पळायचो. त्याची मान जिकडे कलली असेल तिकडे. आणि बॉल तिथे यायचा. नेहमी यायचा. मला फक्त पाय लावायचा असायचा. त्या वर्षी मी इतके गोल केले की मामा शेजाऱ्यांना चहाला बोलावू लागले.

शेठ चिडवायचा. "तुमचं लग्न लागलंय का? तो हाक मारतो, तू पळतो." मी वरवर रागवायचो. त्याच्यावर मी जळत होतो हे खरं, पण दिवसातून काही वेळा तो मला, फक्त मला, बोलवायचा हेही खरं वाटत होतं. ज्याच्यावर आपण जळतो त्याने आपल्याला ओळखावं, याच्यासारखी दुसरी गरज नाही. मग जळणं थोडं सोसवतं.

विद्यापीठाच्या संघाची निवड जळगावला होती. आम्ही दोघंही गेलो. माझ्यासाठी ती साधी निवड नव्हती. विद्यापीठाच्या संघात गेलो की मला मध्ये खेळवायचं, असं सरांनी तिथल्या निवड समितीतल्या ओळखीच्यांशी बोलून ठेवलं होतं. त्यांच्याकडे मधले दोघं लागणार होते. म्हणजे घरी जे सांगत आलो ते खरं होणार होतं. आणि वडीलही येणार होते. जळगावपर्यंत केळीची गाडी येणार होती, त्यात बसून.

तिथे सगळ्यांना आपापल्या जर्सीवरून घालायला रंगीत बनियनं दिली. मला चौदा आलं. आठ नंबर आमच्याच बाजूला जळगावच्याच एका उंच पोराला गेला. मी त्याचं फार मनावर घेतलं नाही. आमच्या सोनगीरवाल्याने बनियनही उलटंच घातलं. निवड समितीतले एक जण ओरडले, त्याने सुलटं केलं.

खेळ सुरू झाला. वडील पलीकडे कुंपणाशी उभे होते, खांद्यावर गमछा, हातात केळीची फणी. मी त्यांना दिसावं म्हणून जरा जास्तच हात हलवत होतो. मग त्याच्याकडे बॉल आला. मान माझ्या बाजूला कलली. समोर सगळं मोकळं होतं. आणि हाक आली, "आठेऽ!"

मी थांबलो.

चौदा नंबर होतो मी. त्याने आठला बोलावलं होतं. मी त्या उंच पोराकडे पाहिलं, तो पाठमोरा होता. बॉल माझ्यापासून चार पावलांवरून गेला आणि रेषेबाहेर गेला. समितीतल्या एकाने मान हलवली. पुन्हा तसंच झालं. पुन्हा हाक, पुन्हा मी थांबलो, पुन्हा बॉल बाहेर. तिसऱ्या वेळी तर मी त्या उंच पोराला ओरडून सांगितलं, "अरे, तुला बोलावतोय!" त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. अर्ध्या वेळातच मला बाहेर बसवलं. सोनगीरवाल्याच्या पासवर मग जो कोणी जवळ असेल तो जायला लागला आणि दोन गोल झाले. त्याने दोन्ही वेळा पाठ फिरवलेली होती.

यादी वाचली. त्याचं नाव पहिलं होतं. माझं नव्हतं.

मी त्याला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. म्हणालो, वर्षभर मला बोलावलंस, आणि आज ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी त्या आठ नंबरला बोलावलंस? त्या पोराला तू ओळखतोस तरी का?

तो तोंड धूत होता. चेहऱ्यावरून पाणी गळत असताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोणता आठ नंबर, भो?"

"तू ओरडतोस ना, आठ, ए, आठ."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो हसला नाही, हे मला त्याचं श्रेय द्यावं लागेल. म्हणाला, "आठे म्हनस मी. आठे. हाई जागा." आणि बोट ओल्या जमिनीवर ठेवलं.

आठे म्हणजे इथे. देवपुरात मी भाजीवालीच्या तोंडून रोज ऐकत होतो, पिशवी आठे ठेव. घाटावर, रिक्षात, सगळीकडे. आमच्या पूर्वेकडच्या बोलीत हा शब्द असा नाही, पण मला अर्थ माहीत होता. फक्त मैदानात शिरताना मी तो अर्थ बाहेर ठेवत होतो, कारण पाठीवर आठ होता आणि कोणीतरी बोलवावं असं वाटत होतं.

मी विचारलं, मग वर्षभर मलाच कसा बॉल येत होता?

"तूच येत व्हता," तो म्हणाला. "मी कोनले बलावत नही. मी जागा सांगस. जो पोचीन त्याना बॉल."

मग त्याने, त्याच्या मानाने खूपच, समजावून सांगितलं. घरी भांडं ठोकताना बाप भांडं फिरवतो, जिथे घाव हवा तिथे बोट टेकवतो, म्हणतो आठे, आणि बोट काढतो. मग हातोडा पडतो. दिवसभर घरात एवढा आवाज असतो की नाव घेऊन हाक मारण्यात अर्थच नसतो. जागा सांगायची, बस.

परतताना मी हे घोळवत होतो आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मला अजून बोचते. बाकीची सगळी पोरं धुळे, शिरपूर, साक्रीकडची. सगळ्यांना आठेचा अर्थ माहीत होता. म्हणून ती थांबायची, इथे म्हणजे कोणी जायचं, ह्या विचारात. मला अर्थ ठाऊक असून मी चुकीचा लावला होता, म्हणून मी पळायचो. आणि दूरच्या कोपऱ्यालाही तो 'तठे' म्हणायचा नाही, तिथे म्हणायचा नाही. 'आठे'च म्हणायचा. सगळं मैदान त्याला बोटाखाली असल्यासारखं.

पण त्या दिवसातलं सगळ्यात वाईट अजून सांगायचं राहिलं. वडील आले. मी खाली मान घालून सांगितलं, निवड झाली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "तो मंधातला पोरगा कोन व्हय रे?"

मी सांगितलं.

"त्याच्या हातात घड दिला तं आपटनार नाही," वडील म्हणाले. आणि माझ्यासाठी आणलेली केळीची फणी त्याच्याकडे घेऊन गेले. ज्या माणसाने आयुष्यात फुटबॉल एकदाच बघितला, त्याने बघण्यात चूक केली नाही. बघायचं तेच बघितलं. ते दोघं कुंपणाशी उभे राहून केळी खात होते, एक आपल्या बोलीत बोलत होता, दुसरा त्याच्या. मला वाटलं त्यांना एकमेकांचं सगळं समजतंय.

त्याची कारकीर्द, असं म्हणायचं तर, एवढीच. विद्यापीठाकडून तो खेळला आणि तिथेही लोकांनी तोंडात बोटं घातली. मग पुण्याच्या एका क्लबाने बोलावलं. राहणं, खाणं, वर पैसे. कॉलेजात त्याचा फोटो लावला. मी त्या भिंतीकडून जायचं टाळायचो, लायब्ररीला लांबून वळसा घालायचो. दिवाळीच्या आधीच तो परत आला. लोकांनी कारणं काढली. गुडघा, जेवण, हवा. शेठने थेट विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तठे बठ्ठा नाव लेतस. माले नावं ध्यानमा र्‍हात नही." तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, पास देताना नाव घेऊन हाक मार. याने प्रयत्न केला. नाव आठवेपर्यंत जागा भरून जायची.

मला त्या दिवशी त्याचा खरा राग आला. जे मी मागत होतो ते त्याच्या हातात आलं आणि त्याने ते नाव आठवत नाही म्हणून ठेवून दिलं, चहाचा कप ठेवावा तसं. आणि तरी दुसऱ्या दिवशी सोनगीरला भांडी ठोकायला बसला, असं कळलं. तेही निवांत. मी हरलो असतो तर आठवडाभर जेवलो नसतो. तो हरलाय की नाही हेच कळत नव्हतं.

तो बाहेर पडला, आणि शेवटच्या वर्षाला मध्यभागी मी आलो. जागा मिळवली असं नाही. ती रिकामी झाली. सरांनी मला दहा नंबरची जर्सी दिली, त्याचीच. बाकीच्या जर्सींचे नंबर उन्हाने तडकलेत. त्याचा दहा अजून कोराच आहे, कारण त्याने तो फारसा उन्हात आणलाच नव्हता. घरी फोन केला. वडील म्हणाले, "आता मंधात ना?" त्या 'आता'वरून मला कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं.

मध्यभागी आलो, पण संघ त्याचाच राहिला. सगळे 'आठे' ओरडतात. रावेरहून आलेला पोरगा, ज्याच्या गावात हा शब्द नाही, तोही ओरडतो. शेठ गोल किक मारताना ओरडतो. मी कर्णधार म्हणून सांगून पाहिलं की नाव घ्या, नाहीतर सरळ 'इथे' म्हणा. दोन दिवस ऐकलं. माणूस संघातून गेला, फोटो पिवळा पडला, पण शब्द जात नाही. माझ्या नावाने ह्या मैदानावर काय राहील, हा विचार मी रोज करतो आणि करू नये असंही रोज ठरवतो.

गेल्या महिन्यात देवपूरच्या मैदानावर सामना होता. तो आला होता. गोलच्या मागच्या भिंतीवर बसून भेळ खात होता. पायात चप्पल. मी ठरवलं होतं तिकडे बघायचं नाही आणि पूर्ण अर्धा वेळ तिकडेच बघत होतो. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या जागेवर खेळणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात त्याच्यादेखत जेवायला बसण्यासारखं होतं. माझे पास जवळजवळचे, सुरक्षित जात होते. कोणी चूक काढू नये असे.

मग बॉल माझ्या पायाशी आला आणि उजव्या कोपऱ्यात एक जागा मोकळी दिसली. दिसली म्हणजे खरंच दिसली, जमिनीवर कोणीतरी बोट टेकवून काढून घेतल्यासारखी. तिथे कोणी नव्हतं. मी बॉल सोडला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, मी आजवर मुद्दाम टाळलेला.

"आठेऽ!"

कोणी पोचलं नाही. रावेरचा पोरगा दोन पावलं उशिरा निघाला. बॉल त्या जागेवरून गेला, रेषा ओलांडून, थेट भिंतीपाशी. प्रेक्षकांतून कोणीतरी हुर्यो केली. मी श्वास रोखून उभा होतो. पाठ फिरवायची असते हे मला माहीत होतं. जमलं नाही.

तो भिंतीवरून उतरला. भेळीचा कागद एका हातात धरून चपलेने बॉल थांबवला आणि न बघताच परत माझ्याकडे सोडला. नेमका माझ्या पायाशी. मी तो समोरच्या गोलकीपरकडे ढकलला आणि मागे फिरलो. मग तो तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला,

"जागा बराबर शे, आठ नंबर!"

माझ्या पाठीवर दहा होता. तरी मी वळलो.